कॅन्सरच्या उपचारानंतरचे स्कॅन, रिपोर्ट आणि अंगातल्या बारीकसारीक दुखण्यांची धास्ती : फॉलोअप नव्याने सुरू होणाऱ्यांसाठी

शेवटची केमो किंवा शेवटचं रेडिएशन झालं की घरातले सुटकेचा श्वास सोडतात आणि नेमकं तेव्हाच पेशंटचं मन बिथरतं. यात नवल काही नाही. उपचार चालू असताना दर आठवड्याला, फार तर तीन आठवड्यांनी कोणीतरी रक्त तपासत होतं, वजन बघत होतं, गाठी चाचपत होतं. आता डॉक्टर म्हणतात, "तीन महिन्यांनी या." मधल्या काळात पाठ दुखली, खोकला आला, काखेत काहीतरी हाताला लागलं, तर त्याचा अर्थ लावायचं काम एकट्यावर येऊन पडतं, आणि तेही बहुतेक वेळा रात्री दोन वाजता.

त्या कामाची एक पद्धत इथे दिली आहे. भीती घालवून टाकण्याचा दावा नाही. पहिली एक-दोन वर्षं ती असतेच, आणि ती चुटकीसरशी घालवून देतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं. पण कोणत्या तक्रारीसाठी कधी फोन करायचा, स्कॅनच्या आदल्या दिवशी काय पाळायचं, रिपोर्ट आधी कोणी वाचायचा, हे सगळं डोकं शांत असताना ठरवून कागदावर लिहून ठेवता येतं. म्हणजे घाबरलेल्या डोक्याला ऐन वेळी फारसं काही ठरवावं लागत नाही.

आधी फाइल लावून घ्या

उपचार संपताना हॉस्पिटलकडून उपचारांचा एकत्रित सारांश मागून घ्या. डिस्चार्ज कार्डांचा गठ्ठा म्हणजे सारांश नव्हे. एक-दोन पानांत एवढं हवं: निदानाची तारीख, कॅन्सरचा प्रकार आणि स्टेज, बायोप्सी व ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, ऑपरेशनमध्ये काय आणि कोणत्या बाजूचं काढलं, केमोच्या औषधांची नावं आणि प्रत्येकाचा एकूण डोस, रेडिएशन शरीराच्या कोणत्या भागाला आणि किती ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), शेवटच्या उपचाराची तारीख, आणि अजून चालू असलेल्या गोळ्या.

एकूण डोस कशाला हवा, असं वाटेल. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा हृदयावरचा परिणाम आयुष्यभरात मिळालेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो. दहा वर्षांनी दम लागला तर नव्या डॉक्टरला हा आकडा लागतो, आणि तोवर जुने कागद कुठे गेले कोणालाच माहीत नसतं.

स्कॅनचे नुसते छापील रिपोर्ट ठेवून भागत नाही. सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ प्रतिमाही घ्या. पुढच्या वेळी रेडिऑलॉजिस्टला जुनी प्रतिमा शेजारी ठेवून तुलना करता आली, तर "ही पाच मिलिमीटरची गाठ गेल्या वर्षीही होती आणि तेवढीच होती" असं लिहिता येतं. नाही तर तोच ठिपका नवा म्हणून नोंदला जातो आणि तीन महिने जीव टांगणीला लागतो. अशी धास्ती निव्वळ जुनी सीडी सोबत न नेल्यामुळे ओढवते आणि ती शंभर टक्के टाळता येते.

वेळापत्रक समजून घ्या, आणि "कमी तपासण्या" म्हणजे दुर्लक्ष नव्हे हेही

बहुतेक कॅन्सरमध्ये पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा भेट असते. कारण अनेक प्रकारांत कॅन्सर परत येण्याची शक्यता सुरुवातीच्या वर्षांत जास्त असते. सगळ्यांचं मात्र सारखं नसतं. हार्मोनला प्रतिसाद देणारा स्तनाचा कॅन्सर बऱ्याच वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून तिथे पाच वर्षांचा टप्पा म्हणजे सुटीचा शिक्का नव्हे.

कोणती तपासणी होणार हेही अवयवानुसार बदलतं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर सीईए ही रक्ततपासणी, ठरावीक काळाने सीटी, आणि ऑपरेशननंतर साधारण वर्षभराने कोलोनोस्कोपी होते. स्तनाच्या कॅन्सरनंतर मुख्य तपासणी म्हणजे डॉक्टरांनी हाताने तपासणं आणि वर्षाला एक मॅमोग्राम. काहीही लक्षण नसताना दरवर्षी पेट स्कॅन (जास्त साखर खाणाऱ्या पेशी शोधणारा स्कॅन) किंवा ट्यूमर मार्कर (कॅन्सरची चाहूल देऊ शकणाऱ्या रक्ततपासण्या) करावेत, असं स्तनाच्या कॅन्सरमध्ये सहसा सुचवलं जात नाही. इथेच गैरसमज होतो. "शेजारच्यांचा दर सहा महिन्यांनी पेट होतो आणि माझा नाही" ही तुलना दोन वेगळ्या आजारांची असते.

हट्टाने जादा स्कॅन करून घेण्याचे तोटे खरे आहेत. छाती-पोट-ओटीपोटाच्या एका सीटीतून साधारण १० ते २० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, तर निसर्गातून माणसाला वर्षभरात जगभरच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट मिळतो. गरज असलेल्या स्कॅनसाठी हा धोका पत्करण्याजोगा आहे, नुसत्या समाधानासाठी नाही. दुसरा तोटा असा की मोठ्या यंत्राने बारकाईने पाहिलं की काही ना काही दिसतंच: यकृतात पाण्याची गाठ, थायरॉइडमध्ये गुठळी, फुप्फुसात जुन्या जंतुसंसर्गाचा ठिपका. त्यातलं बहुतांश निरुपद्रवी असतं, पण ते सिद्ध करायला आणखी स्कॅन, कधी सुईची तपासणी लागते.

पहिल्या फॉलोअपला डॉक्टरांना हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं त्यांच्यासमोरच लिहून घ्या:

१. माझा कॅन्सर परत आलाच तर साधारण कुठे येतो आणि काय जाणवतं?
२. माझ्या उपचारांमुळे पुढच्या काही महिन्यांत कोणत्या तक्रारी अपेक्षित आहेत?
३. पुढची तपासणी कोणती, कधी, आणि तिच्यात आपण काय शोधतोय?
४. मधल्या काळात काही झालं तर फोन कोणाला, आणि ओपीडी बंद असेल तेव्हा कोणाला?

पहिला प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही. तरी विचारा. उत्तर न ऐकलेल्या माणसाला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत प्रत्येक जागा संशयास्पद वाटते. उत्तर माहीत असलेल्याला चार-पाच गोष्टींवर लक्ष ठेवलं की पुरतं.

दुखलं-खुपलं तर: तीन खणांत वाटणी

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा भाग हाच आहे, म्हणून जरा सविस्तर. प्रत्येक नवी तक्रार तीनपैकी एका खणात टाकायची: आत्ता, या आठवड्यात, किंवा दोन आठवडे पाहून.

*आत्ता, म्हणजे रात्र असली तरी.* पाठीत किंवा मानेत वाढत जाणारं दुखणं आणि त्याच्या जोडीला पायांत कमजोरी, बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. यात मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो आणि काही तासांच्या उशिरानेही चालणं कायमचं जाऊ शकतं. अचानक लागलेला दम, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज: यात रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. फीट येणं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं. चेहरा आणि मान सुजून गळ्याच्या शिरा फुगणं. भरपूर रक्तस्राव. केमो संपून थोडेच आठवडे झाले असतील किंवा केमो देण्यासाठी छातीत कातडीखाली बसवलेला पोर्ट अजून काढला नसेल, तर ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त तापही याच खणात. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका.

*या आठवड्यात फोन.* हाताला लागलेली नवी, टणक गाठ. खोकल्यातून, लघवीतून किंवा शौचातून थोडंसं का होईना, पण रक्त. पाळी कायमची गेल्यावर अंगावरून जाणं, टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरसाठीची हार्मोनची गोळी चालू असेल तर खासकरून. डोळे पिवळे होणं. गिळताना अडकणं. कारण नसताना वजन उतरत जाणं. सकाळी उठल्या-उठल्या होणारी आणि उलटी काढणारी डोकेदुखी. हाडात एका ठिकाणी, झोपल्यावरही न थांबणारं दुखणं.

*दोन आठवडे पाहून.* बाकी जवळपास सगळं. इथे तीन शब्द लक्षात ठेवायचे: नवं, टिकणारं, वाढणारं. कॅन्सरचं दुखणं सहसा येऊन-जाऊन खेळत बसत नाही. ते राहतं आणि हळूहळू वाढतं. आज गुडघा, उद्या खांदा, परवा काहीच नाही, अशा फिरत्या दुखण्यामागे सहसा साधं कारण असतं. मात्र दोन आठवड्यांनंतरही तक्रार तशीच असेल किंवा वाढत असेल, तर "डॉक्टर हसतील" म्हणून गप्प बसायचं नाही.

दोन आठवडे नुसते मनात मोजले तर त्यांचे दोन महिने वाटतात. म्हणून वही. नोंद अशी करावी: "१२ तारीख, संध्याकाळ. उजव्या बरगडीखाली, एका बोटाने दाखवता येईल एवढ्या जागी. कूस बदलताना टोचतं, खोल श्वास घेताना नाही. दहापैकी तीन. परवा बादली उचलली होती. २६ तारखेला पाहायचं. तोवर रोज रात्री एक आकडा." एवढं लिहून वही मिटायची. चिंतेला तारीख मिळाली की ती दिवसातून वीस वेळा दार वाजवत नाही. आणि २६ तारखेला आकडा सहावर गेला असेल, तर फोनवर सांगायला नेमकी माहिती तयार असते. "इथं कुठंतरी कसंतरी होतंय" असं सांगितल्यावर कोणताही डॉक्टर फारसं काही करू शकत नाही.

उपचारांनी मागे ठेवलेली दुखणी

कॅन्सर परतल्यासारखं वाटायला लावणाऱ्या अनेक तक्रारी खरं तर औषधांच्या आणि ऑपरेशनच्या असतात. त्या उपचार संपल्यावर उगवतात, म्हणून जास्त घाबरवतात.

ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानंतर हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणा औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढत जाऊ शकतो आणि मग हळूहळू कमी होतो. नसांना झालेली इजा औषध बंद झाल्याच्या दिवशी थांबत नाही. छातीला रेडिएशन झालं असेल तर साधारण एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, थोडा ताप, धाप अशी फुप्फुसाची सूज येऊ शकते. ती कॅन्सर नव्हे, पण औषध लागतं, तेव्हा कळवायचंच. मानेला रेडिएशन झालेल्यांचं थायरॉइड पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मंदावू शकतं: थकवा, थंडी वाजणं, वजन वाढणं. टीएसएच ही साधी रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी केली की ते पकडता येतं.

स्तनाच्या ऑपरेशननंतर व्रणाजवळ चमका, दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा किंवा जळजळ वर्षभर, कधी त्याहून जास्त राहते. कापल्या गेलेल्या नसा भरून येताना असंच वागतात. व्रणाखाली चरबी मरून तयार झालेली कडक गाठ हाताला अगदी संशयास्पद लागते. हाताने तिच्यातला आणि खऱ्या गाठीतला फरक घरी कोणालाच कळत नाही, त्यामुळे सोनोग्राफी करून घ्यावी. काखेतल्या लसिकाग्रंथी काढल्या असतील तर हाताची सूज वर्षांनंतरही येऊ शकते. अंगठी किंवा बाही अचानक घट्ट व्हायला लागणं ही तिची पहिली खूण. स्तनाच्या कॅन्सरसाठी हार्मोनच्या गोळ्या, म्हणजे लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल घेणाऱ्यांचे सांधे, विशेषतः सकाळी बोटं, आखडतात आणि थोडी हालचाल झाल्यावर सैल पडतात. हाडातल्या कॅन्सरचं दुखणं असं हलल्यावर बरं होत नाही.

थकव्याबद्दल दोन शब्द. झोपूनही न जाणारा हा थकवा कित्येक महिने टिकतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप आणि मनःस्थिती तपासून घ्यावी. त्यात काही सापडलं नाही, तर त्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय विश्रांतीपेक्षा व्यायाम आहे, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी. दहा मिनिटं चालण्यापासून सुरू करून आठवड्याला एकूण १५० मिनिटांपर्यंत न्यावं. ज्या दिवशी बरं वाटतं त्या दिवशी तिप्पट काम करून पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळणं, ही इथली नेहमीची चूक.

आणि खुद्द भीतीचीही शारीरिक लक्षणं असतात: घशात आवंढा अडकल्यासारखा, छातीवर दडपण, हातांना मुंग्या, पोट बिघडणं. शिवाय एखाद्या जागेवर सतत लक्ष ठेवलं की तिथलं साधं ठसठसणंही मोठं वाटतं. काखेतली ग्रंथी दिवसातून दहा वेळा दाबून पाहिली की ती दुखरी होते, मग "ती दुखतेय" म्हणून पुन्हा दाबली जाते. स्तन, मान, काख चाचपण्याचा एकच दिवस ठरवा, महिन्यातून एकदा. काय आणि कसं चाचपायचं ते डॉक्टरांकडून किंवा नर्सकडून एकदा स्वतःच्या हाताने शिकून घ्या. मधे हात वळवळला तर वहीत खूण करायची आणि दुसऱ्या कामाला लागायचं.

स्कॅनची तारीख घेताना

स्कॅन आणि डॉक्टरांची भेट यांत दोन-चार दिवसांपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. दोन्ही तारखा एकाच फोनवर ठरवा. सकाळची वेळ मागा: उपाशी राहणं सोपं जातं आणि दिवसभर धाकधूक साठत नाही. शक्यतो तेच सेंटर आणि तेच यंत्र, म्हणजे तुलना सरळ होते.

घाईही नको. रेडिएशननंतर लगेच पेट केला तर भाजलेल्या ऊतींमधली सूजच चमकते, म्हणून साधारण १२ आठवडे थांबतात. केमोनंतरही काही आठवड्यांचं अंतर ठेवतात. लस घेतल्यावर त्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथी काही आठवडे पेटवर चमकू शकतात. लस कोणत्या हातावर आणि कधी घेतली हे टेक्निशियनला सांगा. पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन नुकतंच झालं असेल तर अस्थिमज्जा चमकते, तेही सांगा.

केमोने शिरा कडक झालेल्या असतात आणि सुई टोचताना तीन-तीन प्रयत्न होतात. आदल्या दिवशी पाणी भरपूर प्या, जाताना हात उबदार ठेवा, आणि ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात पुढे करू नका. पोर्ट असेल तर त्याचं कार्ड न्या. प्रत्येक पोर्ट काँट्रास्टच्या (स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून शिरेतून देतात त्या औषधाच्या) इंजेक्शनचा दाब सहन करणारा नसतो, आणि तो आहे की नाही हे कार्डवरच लिहिलेलं असतं.

पेट-सीटी. साखरेशी जोडलेला किरणोत्सर्गी पदार्थ शिरेतून देतात. जास्त साखर खाणाऱ्या पेशी तो ओढून घेतात आणि चमकतात. स्नायूही साखर खातात, मेंदू तर खातोच, म्हणून इथली सगळी पथ्यं साखर इतरत्र जाऊ नये यासाठी असतात. आदल्या २४ तासांत जोराचा व्यायाम, ओझी उचलणं बंद. आदल्या रात्री गोड आणि पिष्टमय पदार्थ कमी. चार ते सहा तास उपाशी, साधं पाणी चालतं. च्युइंगम नाही. इंजेक्शननंतर सुमारे तासभर पडून राहायचं, बोलायचं नाही, मोबाइल चाळायचा नाही. जास्त बोललं तर स्वरयंत्राचे स्नायू चमकतात, आणि थंडी वाजली तर मान-खांद्यांतली तपकिरी चरबी चमकते, म्हणून पांघरूण मागून घ्या. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर बऱ्याच ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि मेटफॉर्मिन कधी घ्यायचं हे दोन दिवस आधी विचारा, कारण इन्सुलिन ऐन वेळी घेतलं तर सगळी साखर स्नायूंत शिरते आणि मेटफॉर्मिनमुळे आतडी चमकतात. त्या पदार्थाचं अर्धआयुष्य सुमारे ११० मिनिटं असतं. घरी आल्यावर काही तास तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला जवळ घेऊन बसू नये, पाणी भरपूर प्यावं.

सीटी. काँट्रास्ट देणार असतील तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या. पूर्वी काँट्रास्टने पुरळ उठलं, घसा आवळला असं काही झालं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा. आदल्या दिवसापासून गोळ्या द्याव्या लागतात, दारात पोचल्यावर सांगून उपयोग नसतो. इंजेक्शन सुरू होताच घशापासून ओटीपोटापर्यंत गरम लाट जाते, तोंडात धातूची चव येते आणि कपड्यांत लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते. अर्ध्या-एक मिनिटात ओसरतं. हे आधी माहीत नसलेला माणूस नेमका त्याच क्षणी दचकून हलतो आणि प्रतिमा बिघडते.

एमआरआय. वीस मिनिटं ते तासभर, अरुंद नळी, घणाचे घाव घातल्यासारखा आवाज. कानात बोळे आणि वर हेडफोन मागा. हातात दाबायचा फुगा देतात, तो दाबला की काम थांबतं. आत सरकण्यापूर्वीच डोळ्यांवर घडी घालून घेतली तर कोंडल्यासारखं कमी वाटतं, कारण छत जवळ आलेलं दिसतच नाही. मागच्या वेळी घाबरून बाहेर यावं लागलं असेल तर डॉक्टरांकडून शांत करणारी गोळी आधीच लिहून घ्या आणि सोबत कोणाला तरी न्या. पेसमेकर, ऐकू येण्यासाठी कानात बसवलेलं रोपण, स्तन पुनर्रचनेसाठी बसवलेली फुगवायची पिशवी, यांची माहिती कार्डासकट द्यायची. त्यातल्या काही पिशव्यांत चुंबक असतं.

मॅमोग्रामला जाताना काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, त्याचे कण प्रतिमेत कॅल्शियमसारखे दिसतात. बोन स्कॅनमध्ये इंजेक्शन आणि फोटो यांत दोन ते चार तासांचं अंतर असतं. मधे पाणी पीत राहायचं आणि फोटोआधी लघवी करून यायची.

एक गोष्ट सगळ्याच स्कॅनना लागू: टेक्निशियनचा चेहरा वाचू नका. तो गंभीर दिसला तर त्याचा पुढचा पेशंट उशिरा आलेला असेल. निदान करणं त्याचं कामही नाही.

रिपोर्ट येईपर्यंत आणि आल्यावर

स्कॅनच्या आधीच ठरवा: रिपोर्ट मोबाइलवर आला तर उघडायचा का, आणि कोणी? दोन पद्धती चालतात. एक, डॉक्टरांसमोर बसेपर्यंत उघडायचाच नाही. दोन, घरातला एक शांत माणूस वाचेल आणि काही तातडीचं असेल तरच सांगेल. शुक्रवारी संध्याकाळी एकट्याने उघडून इंटरनेटवर शब्द शोधत बसणं ही तिसरी पद्धत सगळ्यात लोकप्रिय आहे आणि सगळ्यात वाईट.

नातेवाइकांनाही आधी सांगून ठेवा की बातमी अमुक दिवशी अमुक माणूस कळवेल. नाही तर "काय आला रिपोर्ट?" असे पंधरा फोन येतात आणि प्रत्येकाला धीर पेशंटनेच द्यायचा असतो.

वाचायचाच असेल तर शेवटचा "इम्प्रेशन" हा भाग आधी वाचा. "अनरिमार्केबल" म्हणजे नोंद घेण्यासारखं काही नाही, म्हणजे चांगलंच. "स्टेबल" म्हणजे मागच्याइतकंच. "पोस्ट-ऑपरेटिव्ह चेंजेस", "फायब्रोसिस" म्हणजे ऑपरेशनच्या किंवा रेडिएशनच्या खुणा. "सबसेंटिमीटर नोड" म्हणजे एक सेंटिमीटरहून लहान ग्रंथी, अशा ग्रंथी धडधाकट माणसांतही असतात. "क्लिनिकल कोरिलेशन" म्हणजे पेशंटला तपासून अर्थ लावा, अशी डॉक्टरांना केलेली सूचना. रेडिऑलॉजिस्टला काहीतरी लपवायचंय असा त्याचा अर्थ होत नाही. पेटमधला एसयूव्ही, म्हणजे एखादी जागा किती चमकते ते सांगणारा आकडा, त्या दिवशीची साखर, इंजेक्शननंतर किती वेळाने फोटो काढला, वजन आणि यंत्र यांवर बदलतो. मागचा २.१ आणि आताचा २.६ म्हणजे वाढ झालीच असं नव्हे. फुप्फुसातला ठिपका ५ चा ६ मिलिमीटर झाला, तर तेवढा फरक नुसत्या मोजण्यातलाही असू शकतो.

सगळ्यात जड जाणारा शब्द "इनडिटरमिनेट", म्हणजे आत्ता सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, तीन महिन्यांनी पुन्हा पाहू. हे टाळाटाळ केल्यासारखं वाटतं, पण बारीक ठिपक्यात सुई घालणं बऱ्याचदा शक्य नसतं, आणि वेळ हीच तिथे तपासणी असते: निरुपद्रवी ठिपका तसाच राहतो किंवा विरतो, कॅन्सर वाढतो. अशा वेळी विचारायचं ते एवढंच: तीन महिने थांबल्याने उपचारांचं काही नुकसान होणार आहे का? किती वाढलं तर पुढे काय करायचं? समाधान झालं नाही तर प्रतिमांसकट दुसरं मत घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

ट्यूमर मार्करचंही तसंच. एकाच आकड्यावर झोप उडवू नका, तीन-चार वेळांची चढण-उतरण बघायची. सीईए धूम्रपानाने वाढतो, सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर) पाळीच्या दिवसांत किंवा एंडोमेट्रिओसिसमुळे वाढू शकतो. लॅब बदलली की आकडा बदलतो, म्हणून लॅब एकच ठेवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, काही रक्ततपासण्या त्यांनी चुकतात. प्रोस्टेट काढल्यानंतर पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ०.२ च्या पुढे गेला तरी तो दुसऱ्यांदा करून खात्री करतात. प्रोस्टेट न काढता रेडिएशन दिलं असेल तर पीएसए मधे थोडा उसळून आपोआप खालीही येतो.

स्कॅनच्या आधीचे दहा दिवस

चिडचिड, झोपमोड, जुन्या आठवणी, भूक मरणं, हे या दिवसांत ठरलेलं असतं, तेव्हा या दिवसांत मोठे निर्णय आणि घरातली भांडणं टाळता आली तर बघा. काळजीसाठी संध्याकाळी वीस मिनिटं बांधून ठेवा, कागदावर मनातलं सगळं ओता आणि वेळ संपली की उठा. दिवसा विचार आला तर "संध्याकाळी" म्हणून एका शब्दात टिपून ठेवायचा. हे पोरकट वाटतं, पण मानसोपचारात वापरलं जाणारं तंत्र आहे, आणि आठवडाभर केल्याशिवाय त्याचा गुण येत नाही. दडपण चढलं तर चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. रात्री वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचा, कूस बदलत पडून राहू नका.

घरच्यांनी "काही होणार नाही, चांगला विचार कर" म्हणणं थांबवावं. त्याने पेशंटचं बोलणं तेवढं बंद होतं, भीती तिथेच राहते. "काय वाटतंय ते सांग, आणि मी स्कॅनला सोबत येतोय" एवढं पुरे. दर तासाला "मला काही झालं नाही ना?" असं विचारून धीर मागणाऱ्याला मात्र दरवेळी तो देत बसू नये. दहा मिनिटं टिकणारा धीर पुढच्या प्रश्नाची सवय लावतो. वहीतली तारीख दाखवावी.

रोजचं काम होत नसेल, उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली असेल, भीतीपोटी तपासणीच चुकवली जात असेल किंवा उलट दर आठवड्याला नवा डॉक्टर गाठला जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा कॅन्सर पेशंटबरोबर काम करणारे समुपदेशक यांच्याकडे जायला हवं. जीव नकोसा वाटू लागला, तर त्याच दिवशी.

भेटींतलं अंतर वाढतं तेव्हा

तीन महिन्यांचे सहा, सहाचे बारा होतात तेव्हा आनंदाऐवजी पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटणारे बरेच असतात. त्या भेटीत सारांशाची एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे जाईल असं बघा. पुढे लक्ष कशावर ठेवायचं याची यादी करून घ्या: हृदयावर परिणाम करणारी औषधं झाली असतील तर इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर हाडांची घनता कधी, रेडिएशन झालेल्या भागाची तपासणी कशी, आणि वयानुसार इतर अवयवांच्या नेहमीच्या कॅन्सर-तपासण्या कधी. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते, कारण "माझं सगळं ऑन्कॉलॉजिस्ट बघतात" असा समज असतो. ते ज्या कॅन्सरवर उपचार केले तो बघतात. बाकीच्या तपासण्यांचं कोणी बघतंय का, हे त्याच भेटीत विचारून सारांशाच्या मागच्या पानावर लिहून घ्या.